चुंबनं मोजणाऱ्यांना एक प्रश्न

ख्रिस्ती पात्रांनी सिगारेट ओढू नये, दारू पिऊ नये, जुगार खेळू नये, पत्ते कुटू नयेत, नाचू नये. कादंबरी ऐतिहासिक असेल तर मात्र त्यांनी बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, जायला आणि स्क्वेअर डान्स करायला हरकत नाही, फक्त गालाला गाल लावून वॉल्ट्झ नको. हार्लेक्विन या प्रणयकादंबऱ्यांच्या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने ‘स्टीपल हिल’ नावाची ख्रिस्ती शाखा काढली होती. तिथल्या लेखकांना दिलेल्या जुन्या सूचनांचा हा सारांश. त्यातला तो अपवाद मला फार आवडतो. दीडशे वर्षं मागे गेलं की नाचसुद्धा सोवळ्यात येतो! काळ मागे सरकला की आणखी काय काय सोवळ्यात येतं, याबद्दल मला बोलायचं आहे.

या कादंबऱ्या मी वाचते, आवडीने वाचते, हे आधीच सांगून टाकते. अमेरिकेत त्यांना ‘क्लीन रोमान्स’ म्हणतात. लग्नाआधी शरीरसंबंध नाही, लग्नानंतरचा पानावर नाही, शिवीगाळ नाही, नायक-नायिकेच्या मधे देव आणि शेवट गोड. ऐतिहासिक असल्या तर बहुतेकदा एकोणिसावं शतक: घोडे, गवताळ माळ, एकच खोली असलेली शाळा, पाव भाजल्याचा वास. हा साचा रूढ केला तो जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ या १९७९ सालच्या कादंबरीने. पश्चिमेकडे निघालेल्या मार्टीचा नवरा वाटेतच मरतो. ती गरोदर, परक्या मुलखात, हातात काही नाही. क्लार्क नावाचा एक विधुर तिला नवऱ्याच्या दफनाच्या दिवशीच विचारतो: माझ्या लहानग्या मुलीला आई हवी आहे, तुला छप्पर हवं आहे, नावापुरतं लग्न करू, वसंतात गाड्यांचा तांडा पूर्वेकडे परतेल तेव्हा जायचं असेल तर तुझं भाडं मी भरीन. मग अख्खी कादंबरीभर काही घडत नाही, आणि सगळं घडतं. तो तिच्यासाठी लाकडं फोडतो, ती त्याच्यासाठी जळके पदार्थ करते, बाळ येतं, हिवाळा सरतो.

याला हसणं सोपं आहे. आपल्याकडे वाचणाऱ्या बायकांच्या आवडीला हसण्याची परंपरा जुनीच. मासिकातली गोष्ट वाचणारी आजी भाबडी आणि तीच गोष्ट ‘लोकप्रिय साहित्याचा अभ्यास’ म्हणून वाचणारा प्राध्यापक मात्र गंभीर. बंद दाराची कादंबरी भित्री असते, हा आरोप तर मला अजिबात पटत नाही. दार बंद असलं की लेखकाला बाकीच्या घरात काम करावं लागतं. हातमोजा काढताना लागलेला वेळ, पत्राच्या मायन्यात बदललेला एक शब्द, चर्चच्या बाकावर मुद्दाम सोडलेली वीतभर जागा, एवढ्या भांडवलावर तीनशे पानं तोलून धरायची असतात. हे कौशल्य आहे आणि ते सगळ्यांना जमत नाही. शिवाय ही दारं बंद असावीत असं वाटणारी प्रत्येक वाचक सोवळी असते असंही नाही. काहींनी आयुष्यात इतकी जबरदस्ती सोसलेली असते की रात्री निजताना पुस्तकात तरी कुणी कुणावर हात टाकू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती अपेक्षा मला पूर्ण मान्य आहे.

माझं भांडण दाराशी नाही, तपासणीशी आहे. या पुस्तकांचे वाचक फार काटेकोर असतात. ते परीक्षणात लिहितात: तीन चुंबनं, एक जरा लांबलेलं, एक ‘डॅम’, पण ते खलनायकाच्या तोंडी, आईने मुलीला द्यायला योग्य. मात्र नायकाची एकशे साठ एकर जमीन कुणाची होती, हे त्या परीक्षणात येत नाही.

एकशे साठ एकर हा आकडा या कादंबऱ्यांत तुळशीवृंदावनासारखा असतो, प्रत्येक अंगणात. तो आला १८६२च्या होमस्टेड कायद्यातून. नाममात्र शुल्क भरा, पाच वर्षं कसा, घर बांधा, जमीन तुमची. कायद्यावर लिंकनची सही झाली मे महिन्यात. ऑगस्टमध्ये मिनेसोटा राज्यात डकोटा या आदिवासी लोकांचं युद्ध पेटलं. करारात जमिनी देऊन बसलेल्या डकोटांना ठरलेले पैसे वेळेवर मिळाले नव्हते, व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली होती, पोरं उपाशी होती. युद्धात शेकडो गोरे वसाहतवालेही मारले गेले, ते लपवण्याचं कारण नाही. त्यानंतर लष्करी न्यायालयाने, काही खटले तर काही मिनिटांत उरकून, ३०३ जणांना फाशी सुनावली. लिंकनने कागद मागवून यादी खाली आणली, आणि २६ डिसेंबर १८६२ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मॅन्काटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फासावर चढवलं. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. मार्टी आणि क्लार्कची गोष्ट छापणारी बेथनी हाउस ही संस्था त्याच मिनेसोटातली आहे. यात संस्थेचा दोष नाही, पण ज्या मातीवर हा साहित्यप्रकार वाढला ती कोरी नव्हती, एवढं तरी वाचकाला ठाऊक असावं.

‘अहो, प्रेमकथा आहे ती, इतिहासाचं पाठ्यपुस्तक नव्हे,’ असं कुणी म्हणेल. ठीक. ज्या पुस्तकांत इतिहास नुसताच पडद्यावर रंगवलेला आहे, त्यांना मी सोडून देते. पण या प्रकारातल्या लेखिका कधी कधी इतिहासाचा सर्वांत भयंकर तुकडा हौसेने उचलतात, आणि तेव्हा गंमत राहत नाही. दोन उदाहरणं गाजली.

पहिलं २०१५चं. अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेच्या पुरस्कारासाठी ‘फॉर सच अ टाइम’ ही कादंबरी दोन विभागांत अंतिम यादीत आली. आपल्या लोकांना वाचवणाऱ्या ज्यू राणी एस्तेरच्या बायबलमधल्या कथेवर बेतलेली. नायिका ज्यू आणि नायक टेरेझिनश्टाट या नाझी छळछावणीचा प्रमुख अधिकारी. पुस्तक आपल्या नियमांनी स्वच्छच. टेरेझिनश्टाटमध्ये प्रत्यक्षात ३३ हजारांच्या आसपास माणसं भुकेने आणि रोगाने मेली, ८० हजारांहून जास्त तिथून पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांत पाठवली गेली. ज्यू वाचक आणि लेखिका संतापल्या, जाहीर पत्रं लिहिली गेली. त्यांचा मुद्दा साधा होता: जिच्या जिवाची दोरी ज्याच्या हातात आहे, तिने त्याच्यावर केलेल्या प्रेमाला प्रेम कसं म्हणायचं?

दुसरं २०२१चं. त्याच संघटनेने जुना पुरस्कार मोडीत काढून, व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिकेच्या नावाने नवा सुरू केला होता. पहिल्याच वर्षी धार्मिक विभागात तो ‘ॲट लव्ह्ज कमांड’ या बेथनी हाउसच्याच कादंबरीला मिळाला आणि काही दिवसांतच काढून घेतला गेला. कादंबरी सुरू होते वूंडेड नी इथल्या हत्याकांडाने. २९ डिसेंबर १८९०, साउथ डकोटा. अमेरिकी लष्कराच्या सातव्या घोडदळाने वेढलेल्या लकोटा आदिवासी लोकांपैकी अडीचशे ते तीनशे जण मेले, त्यांत कितीतरी बायका आणि पोरं. आणि त्याबद्दल सैनिकांना शौर्यपदकं मिळाली. कादंबरीचा नायक त्या घोडदळातला कॅप्टन. घडलेल्या प्रकाराने तो हादरतो, पुन्हा जीव घ्यायचा नाही अशी शपथ घेतो, टेक्सासमध्ये सत्कार्याला लागतो आणि एका डॉक्टरीणबाईच्या प्रेमात पडतो.

या लेखिका दुष्ट आहेत असं मी मुळीच म्हणणार नाही. दोघींनाही क्रौर्याचा निषेधच करायचा होता. अडचण त्यांच्या साच्यात आहे. ख्रिस्ती प्रेमकथेचा कणा म्हणजे पाप, पश्चात्ताप आणि क्षमा. नायक जितका मोठा पापी, तितकी कृपा मोठी, तितकं वाचकाचं मन भरून येणार. त्यामुळे लेखिकेला मोठं पाप लागतं, आणि इतिहासात ती काही कमी नाहीत. मग हत्याकांड हे नायकाच्या आत्म्याच्या जडणघडणीचं पहिलं प्रकरण होऊन बसतं. मेलेली माणसं त्याच्या पश्चात्तापाला कारण पुरवून कथेतून निघून जातात. आणि क्षमा कोण करतं? देव करतो, नायिका करते, वाचक करते. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांच्यातलं कुणी त्या खोलीतच नसतं. धर्माच्याच भाषेत बोलायचं तर येशूने वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला सांगितलं होतं की ते तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. या कादंबऱ्यांतला नायक भावाला वगळून थेट वेदीपर्यंत पोचतो, तेही वाङ्निश्चयाची अंगठी खिशात घेऊन.

‘त्या काळात सगळेच तसे होते, आजचे निकष लावू नका’ हे दुसरं उत्तर. ते वस्तुस्थितीला धरून नाही. १८६२मध्येच मिनेसोटाचे एपिस्कोपल बिशप हेन्री व्हिपल वॉशिंग्टनला जाऊन लिंकनला भेटले आणि आदिवासींच्या पैशांत चाललेल्या सरकारी लुटालुटीबद्दल स्पष्ट बोलले. स्वतःच्या राज्यात सूडाची हवा पेटलेली असताना बोलले. म्हणजे त्या काळाकडे सदसद्विवेक होता, आणि तो चर्चच्याच झग्यात होता. हेलन हंट जॅक्सनने तर १८८४मध्ये ‘रमोना’ ही संपूर्ण सोज्ज्वळ प्रेमकथा लिहिली. श्रद्धाळू नायिका, तिचा आदिवासी नवरा, दोघांना गावागावातून हुसकावणारे गोरे लोक, शेवटी त्या नवऱ्याचा खून आणि मोकळा सुटणारा खुनी. गुलामगिरीविरुद्ध ‘अंकल टॉम्स केबिन’ने जे केलं ते आपल्याला आदिवासींसाठी करायचं आहे, असं ती म्हणत असे. लोकांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं आणि रेल्वेने लोंढेच्या लोंढे ‘रमोनाचं घर’ बघायला दक्षिण कॅलिफोर्नियात गेले. अन्याय राहिला बाजूला, जुन्या मिशनच्या कमानी तेवढ्या प्रिय झाल्या. तेव्हा धुऊन काढण्याचं काम लेखिकाच करते असं नाही, वाचकांचाही त्यात हात असतो. आपलाही.

तिसरा आक्षेप मात्र खराखुरा आहे. खरा इतिहास आत घेतला तर प्रेमकथा उरेल का? वूंडेड नीसारख्या जागी प्रेम कुठून आणायचं? गोरा सैनिक नको तर मग नायक कोण?

नायक होता आणि नायिकाही होती. दोघं वूंडेड नीपासून काही मैलांवर, पाइन रिज या आदिवासींसाठीच्या सरकारी ठाण्यावर होते.

चार्ल्स ईस्टमनचा जन्म १८५८चा, मिनेसोटातला. डकोटा. डकोटा नाव ओहियेसा. आई तो जन्मल्यावर लवकरच गेली. १८६२च्या युद्धात बाप हरवला, आजीने पोराला घेऊन उत्तरेला कॅनडाची वाट धरली. बापाला मॅन्काटोला फाशी झाली असंच त्या मुलाला सांगितलेलं. तो बापाचा सूड घ्यायच्या तयारीत वाढत होता. पंधरा वर्षांचा झाला तेव्हा बाप दारात उभा राहिला. तो मेला नव्हता, कैदेत होता, आणि कैदेतच ख्रिस्ती झाला होता. त्याने पोराला शाळेत घातलं. १८९०मध्ये ईस्टमन बॉस्टन विद्यापीठातून डॉक्टर होऊन पाइन रिजच्या सरकारी नोकरीवर रुजू झाला. तिथे त्याला भेटली एलेन गुडेल. मॅसॅच्युसेट्सची, लहानपणी कवितांमुळे नावाजलेली, शिक्षिका, दोन्ही डकोटा राज्यांतल्या आदिवासी शाळांची पर्यवेक्षक, डकोटा भाषा बोलणारी. काही आठवड्यांत, नाताळच्या सुमारास, त्यांनी लग्न ठरवलं.

आणि मग २९ तारीख आली. जखमी लकोटांना गाड्यांत घालून पाइन रिजच्या एपिस्कोपल चर्चमध्ये आणलं. नाताळची सजावट अजून उतरवलेली नव्हती. बाकं उखडून काढली, जमिनीवर गवत पसरलं, त्यावर गोधड्या, आणि बायकापोरांना तिथे निजवलं. ईस्टमन डॉक्टर म्हणून राबत होता, एलेन शुश्रूषा करत होती. हिमवादळ ओसरल्यावर ईस्टमन माणसं घेऊन प्रत्यक्ष जागेवर गेला. तळापासून कोसा-दीड कोसावर त्यांना बायकांची प्रेतं सापडू लागली; पळताना गाठून मारलेल्या. तिसऱ्या दिवशीही काही जीव जिवंत सापडले, त्यांत एक तान्हं मूल. गोऱ्या लोकांच्या ख्रिस्ती प्रेमावर नुकताच सगळा विश्वास टाकलेल्या माणसाची ही कसोटी होती, अशा अर्थाचं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. विश्वास त्याने सोडला नाही, प्रश्नही सोडले नाहीत.

जून १८९१मध्ये न्यूयॉर्कला दोघांचं लग्न झालं. आता मला सांगा, क्लीन रोमान्सला आणखी काय हवं असतं? दोघंही श्रद्धावान. दाराआड ठेवण्यासारखं काही नाहीच, कारण दार असलेली खोलीच नव्हती. चर्चमध्ये कण्हणारी माणसं होती. जातीवंशाची भिंत आहे, घरच्यांच्या आणि समाजाच्या भुवया आहेत, देवावरच्या विश्वासाची परीक्षा आहे. पाप आहे, पण ते नायकाच्या व्यक्तिरेखेला उठाव देण्यासाठी आणलेलं नाही. इतकी तयार गोष्ट सोडून त्याच जागी, त्याच तारखेला बंदुकीमागचा कॅप्टन निवडावासा वाटतो, याला मी योगायोग मानत नाही. गोऱ्या, ख्रिस्ती, अमेरिकन वाचकाला कुणाच्या डोळ्यांतून पाहायची सवय आहे, त्याचं ते उत्तर आहे. प्रकाशकाला बाजार कळतो. बाजार म्हणजे शेवटी आपण.

अमेरिकेला उपदेश करताना आपलं अंगण झाडलेलं बरं. ऐतिहासिक, सोज्ज्वळ, देवाधर्माच्या छायेतल्या दांपत्यप्रेमाची कादंबरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वाचली जाते. माधवराव पेशवे आणि रमाबाईंची कथा कॉलेजात असताना किती जणींनी रडत वाचली असेल! साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं ‘स्वामी’ हे पुस्तक घरात कुणीही कुणाच्याही हाती द्यावं. पण त्या प्रेमाचा कळस थेऊरला १७७२मध्ये एका तरुण बाईने जिवंत जळण्यात आहे, आणि आपण तिथे हात जोडतो. चितेपर्यंतचा प्रत्येक प्रसंग आपल्या चाळणीतून पार होतो, कारण आपली चाळणीही शयनगृहासाठीच विणलेली आहे.

नाही म्हणायला मराठीत उलटं उदाहरणही आहे, तेही ख्रिस्ती आणि अगदी पहिलं. १८५७चं बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’. पहिली मराठी कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. धर्मप्रसारासाठीच लिहिलेलं पुस्तक, त्यातले ख्रिस्ती लोक गरजेपेक्षा जास्त गुणी. कलाकृती म्हणून मी तिचे फार गोडवे गाणार नाही. पण शृंगाराच्या बाबतीत इतकं सोवळं असलेलं हे पुस्तक विधवांच्या हालांपुढे डोळे मिटत नाही. केशवपन, कोंडमारा, सासरचा छळ, सगळं गावोगाव फिरून दाखवतं. म्हणजे दोन्ही एकत्र नांदू शकतं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मला या संदर्भात वारंवार आठवतात. १८९५मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, काही वर्षं नवराबायको वेगळे राहिले, मग हळूहळू ती त्याच्याकडे आणि त्याच्या ख्रिस्ताकडे आपल्या पायांनी चालत गेली. खरीखुरी ख्रिस्ती प्रेमकथा, विनोदाने भरलेली, आणि टिळकांचा संताप, विसरभोळेपणा, विक्षिप्तपणा यातलं काही न लपवणारी. तिच्या सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंचे वडील आहेत. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांना सोवळ्याचं वेड लागलं. सगळं घर त्या धुण्यापुसण्याखाली भरडलं गेलं. बाहेर सांडलेल्या रक्तावर घरात पाणी ओतत राहणं म्हणजे काय, हे लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहून ठेवलं आहे. त्यांनी बापाची टवाळी केली नाही, पण त्याच्या घागरी उचलायलाही नकार दिला.

मग वाचकाने करायचं काय? पुस्तकं फेकून द्या, असं मी सांगणार नाही. माझी मागणी अगदी किरकोळ आहे. ऐतिहासिक प्रेमकथांच्या शेवटी लेखिकेचं टिपण असतं; त्यात झालरीचे प्रकार आणि पोस्टाचे दर दिलेले असतात. तिथे जमिनीचा उताराही द्या. परीक्षणात चुंबनं मोजताच आहात तर आणखी एक रकाना वाढवा: या पुस्तकात कोण मेलं, आणि त्यांच्यापैकी कुणाला बोलता आलं का? ख्रिस्ती वाचकाला हे जड जाऊ नये. पापाचा उच्चार केल्याशिवाय क्षमा नाही, हे तर त्याला रविवारच्या शाळेत शिकवलेलं असतं.

आणि कुणी चार्ल्स-एलेनची गोष्ट लिहायला घेतलीच, तर प्रकाशक म्हणेल की पुढे १९२१मध्ये ते दोघं विभक्त झाले, सहा मुलांनंतर. आमच्या वाचकांना गोड शेवट लागतो. लागतो खरा, मलाही लागतो. तर कादंबरी जून १८९१मध्ये, न्यूयॉर्कच्या त्या लग्नात संपवा. पुढची तीस वर्षं गाळायची मुभा आम्ही देतो. डिसेंबर १८९० गाळायची नाही.